स्टुडिओ शेवटी बघा: कम्युनिटी कॉलेजच्या अभ्यासदौऱ्याला निघालेल्या नाशिकच्या प्राध्यापकांसाठी

सोमवारी सकाळी आठला तिथल्या अकाउंटिंग शिकवणाऱ्या बाईंनी लॅपटॉप उघडला, पण आधी मेल बघितला नाही. अकाउंटिंगच्या वर्गाची यादी काढली आणि 'शेवटचं काम कधी जमा केलं' या रकान्यावर टिचकी मारून ती उलटी लावली. नावांचा रकाना आम्हाला दिसू नये म्हणून स्क्रीनवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. वरच्या चार ओळींकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे आठ दिवस गप्प आहेत." मग फोन घेऊन बाहेर गेल्या. वीस मिनिटांनी परत आल्यावर नावं न घेता एवढंच सांगितलं: दोघांनी फोन उचलला, एकाची शिफ्ट बदलली आहे, एकीचा लॅपटॉप बिघडलाय, तिला लायब्ररीतून उसना मिळेल. उरलेल्या दोघांना निरोप ठेवला. त्यानंतर मेल उघडला.

आधीचा गुरुवार-शुक्रवार आम्ही त्या कॉलेजच्या व्हिडिओ स्टुडिओत, हिरव्या पडद्यासमोर फोटो काढण्यात घालवला होता. अमेरिकेपर्यंत जाऊन ज्यासाठी गेलो ते आम्हाला त्या पिवळ्या चिठ्ठीच्या शेजारी बसून दिसलं. तुमचे तेवढे दोन दिवस वाचावेत म्हणून हा लेख. आम्ही काय चुकलो, हेही यात आहेच.

आधी घरचा हिशेब

दौऱ्याचं पत्र लिहिण्याआधी एक आठवडा आपल्याच वर्गावर खर्च करा. कोणाकडे स्वतःचा फोन आहे, कोण भावाचा वापरतं, घरी रेंज येते का, दिवसाचा डेटा कितीला संपतो, संध्याकाळी लाइट किती वेळ असते, कोण सातपूर-अंबडला कामाला जातं, द्राक्षाच्या हंगामात कोण गैरहजर असतं. एका पानाची प्रश्नावली पुरते. मात्र ती कागदावर घ्या. आम्ही पहिल्यांदा गूगल फॉर्म पाठवला आणि निष्कर्ष काढला की जवळजवळ सगळ्यांकडे इंटरनेट आहे! ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी फॉर्म भरलाच नव्हता, हे लक्षात यायला विभागप्रमुख मॅडमना हसावं लागलं.

या कागदांतून तुमचा प्रश्न तयार होतो. 'ऑनलाइन शिक्षण समजून घेणे' हा प्रश्न नव्हे, ते प्रस्तावाचं शीर्षक झालं. आमचा प्रश्न शेवटी असा ठरला: सुरगाणा-पेठकडून येणारा, आठवड्यातून तीनच दिवस कॉलेजला पोहोचणारा मुलगा उरलेल्या तीन दिवसांत मागे पडू नये म्हणून शिक्षकाने नेमकं काय करायचं? हा प्रश्न हातात असला की तिकडे कोणाला भेटायचं आणि काय टाळायचं, हे आपोआप ठरतं.

आणखी एक काम इथलंच. गंगापूर धरणाच्या रस्त्याला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देतंय. आपल्यातल्या किती जणांनी तिथलं स्वयंअध्ययनाचं पुस्तक उघडून बघितलंय? शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून मजकूर कसा लिहायचा, उद्दिष्टं आधी का द्यायची, मध्येमध्ये स्वाध्याय का पेरायचे, हे सगळं त्या पुस्तकांत दिसतं. ते बघून गेलात तर परदेशात निम्मे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

कम्युनिटी कॉलेजच का?

मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठात गेलात तर स्वागत छान होईल, पण तिथला विद्यार्थी आपल्या विद्यार्थ्यासारखा नसतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि कामधंद्याची प्रमाणपत्रं देणारं, बहुतेक ठिकाणी सर्वांना प्रवेश खुला असणारं, आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं कॉलेज. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झालं, ते या परंपरेतलं आजही चालू असलेलं सर्वांत जुनं सार्वजनिक कॉलेज. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजेस आहेत. विद्यार्थी नोकरी करणारे, लेकुरवाळे, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेले. दोन वर्षं इथे करून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाणारेही पुष्कळ. आणि शिक्षकांतला मोठा भाग अर्धवेळ, आपल्याकडच्या सीएचबीवाल्यांसारखा (तासिका तत्त्वावरच्या), दोन-तीन कॉलेजांत तास घेत फिरणारा. आमच्याबरोबरच्या सीएचबी मॅडमची तिथल्या अर्धवेळ शिक्षिकेशी पाच मिनिटांत जी गट्टी जमली, ती आमची कोणाशीच जमली नाही.

ऑनलाइनसाठीच बघायचं तर अॅरिझोनातल्या टेंपीचं रियो सलाडो कॉलेज अभ्यासण्यासारखं आहे. १९७८ मध्ये ते मुळात 'भिंती नसलेलं कॉलेज' म्हणूनच सुरू झालं. तिथले बरेचसे ऑनलाइन कोर्स वर्षातल्या बहुतेक सोमवारी सुरू होतात. जूनमध्ये प्रवेश हुकला की वर्ष गेलं, असा प्रकार नाही. आपल्याला हे उद्या करता येणार नाही, पण जमवायला कार्यालयात काय-काय बदलावं लागतं हे विचारण्याजोगं आहे.

पत्र कोणाला, माणसं कोण, महिना कोणता

बहुतेक जण पत्र 'इंटरनॅशनल ऑफिस'ला पाठवतात. त्या कार्यालयाचं मुख्य काम परदेशी विद्यार्थी आणणं, त्यामुळे उत्तर येतं ते माहितीपत्रकाचं. तुमचं पत्र ऑनलाइन किंवा दूरशिक्षण विभागाच्या डीनला जायला हवं, आणि प्रत तुमच्या विषयाच्या विभागाला. पत्र एका पानाचं. आम्ही कोण, आमचे विद्यार्थी कोण (ते कागद इथे कामाला येतात), प्रश्न काय, किती जण, कोणते पाच दिवस, आणि आम्ही काय देऊ. हा शेवटचा मुद्दा आपण विसरतो. पाहुण्यांसाठी तिथल्या माणसांचे कामाचे तास जातात. काही कॉलेजेस त्याचे पैसे घेतात, ते आधीच विचारून घ्या. आम्ही त्यांच्या बिझनेसच्या वर्गाला नाशिकच्या द्राक्ष निर्यातीवर एक तास बोलायचं कबूल केलं होतं. बोलण्यापेक्षा प्रश्नोत्तरंच जास्त झाली.

मागणी स्पष्ट लिहा: 'आम्हाला प्रत्येकाला एका शिक्षकाच्या शेजारी किमान दोन सकाळी बसायचं आहे.' हे वाक्य पत्रात नसेल तर वेळापत्रकात सादरीकरणंच येतात.

माणसं चार ते सहा. त्यापेक्षा जास्त झाली की ती सहल होते. त्यात एक जण तरी तासिका तत्त्वावरचा असावा, एक संगणक प्रयोगशाळा सांभाळणारा, एक परीक्षेचं काम बघणारा. हे लिहिताना हात थोडा आखडतो, पण लिहितोच: आमच्या दौऱ्यात दोन जागा अशांना गेल्या ज्यांनी गेली कित्येक वर्षं वर्गात खडू धरलेला नाही. माणसं चांगली, पण परत आल्यावर कोर्स बांधायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडे कोर्सच नव्हता. निवडीची अट एकच ठेवा: पुढच्या सत्रात हा विषय मी शिकवणार आहे, असं लिहून देणाराच जाईल.

तारखांचं गणित दिवाळीच्या सुट्टीत सुटतं. तिकडचं फॉल सेमिस्टर ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतं, त्यामुळे आपल्या दिवाळीत तिथलं शिकवणं ऐन भरात असतं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा, तो आठवडा टाळा. वसंत सत्र जानेवारी ते मे, त्यात मार्चच्या आसपास आठवडाभर सुट्टी. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचा मोह सगळ्यांना होतो. तेव्हा तिथे पदवीदानाची गडबड असते आणि त्यानंतर कॅम्पस ओस.

कागदपत्रं

संस्थेचा ठराव, प्राचार्यांची शिफारस, कर्तव्यरजा, ना-हरकत प्रमाणपत्र. अनुदानित पदावर असाल तर वरपर्यंतची परवानगी लागते की नाही हे कार्यालयीन अधीक्षकांना पहिल्याच आठवड्यात विचारा, शेवटच्या नव्हे. फाइल टेबलावरून टेबलावर जायला जो वेळ लागतो तो तिकीट काढल्याने कमी होत नाही.

आठवडाभर भेटी, चर्चा, निरीक्षण एवढ्यासाठी साधारणपणे बी-१, म्हणजे कामानिमित्तच्या छोट्या भेटीचा व्हिसा चालतो. निमंत्रणपत्रात तसंच लिहून घ्या. 'ट्रेनिंग कोर्स' असा शब्द उगाच येऊ देऊ नका, कारण अभ्यासक्रमाला प्रवेश घेणं या व्हिसात बसत नाही. यजमान कॉलेज काही आठवड्यांचा रीतसर विनिमय कार्यक्रम चालवत असेल तर जे-१ लागतो आणि त्यासाठी डीएस-२०१९ हा कागद कार्यक्रमाच्या अधिकृत प्रायोजक संस्थेकडून यावा लागतो. अर्ज डीएस-१६०, मूळ शुल्क १८५ डॉलर. वर आणखी काही आकारणी आहे का ते भरतानाच अधिकृत संकेतस्थळावर बघा. मुलाखतीची तारीख कधी पटकन मिळते, कधी महिनेच्या महिने मिळत नाही, म्हणून दौऱ्याच्या आठ-नऊ महिने आधी सुरुवात करा आणि व्हिसा हातात पडेपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका.

वकिलात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. सकाळची वेळ मिळाली तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका, दादरला उतरेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात. आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम टाका. मुलाखतीत विचारतील ते सरळ सांगा: काय शिकवता, तिथे काय बघणार, परत कधी येणार, खर्च कोणाचा. आमच्या एका सरांनी 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०' पासून सुरुवात केली, तेव्हा खिडकीमागच्या माणसाने हात वर करून विचारलं, "तुम्ही शिकवता काय?"

शब्द तेच, अर्थ वेगळे

आम्ही सगळ्यांत कमी तयारी इथे केली होती आणि सगळ्यांत जास्त ठेचा इथेच खाल्ल्या. इंग्रजी आपल्याला येतं असं आपण धरून चालतो. पण कॉलेजचं इंग्रजी इथलं वेगळं, तिथलं वेगळं.

'सिलॅबस' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विद्यापीठाने छापलेला अभ्यासक्रम येतो. तिथे सिलॅबस म्हणजे त्या शिक्षकाने त्या वर्गासाठी लिहिलेला करारच: गुण कशाला किती, उशीर झाला तर काय, मेलला किती तासांत उत्तर मिळेल, शिक्षक कधी भेटेल, कॉपी केली तर काय. आम्ही पहिल्या दिवशी 'तुमचा सिलॅबस कोण ठरवतं?' असं विचारलं आणि त्या बाईंना प्रश्नच कळेना. 'मी', त्या म्हणाल्या. 'फॅकल्टी' म्हणजे शाखा नव्हे, शिक्षकवर्ग. 'स्टाफ' म्हणजे शिक्षक सोडून बाकीचे, त्यामुळे 'स्टाफ मीटिंग बघायची आहे' म्हटलंत तर भलत्याच खोलीत जाल. 'पेपर' म्हणजे प्रश्नपत्रिका नाही, विद्यार्थ्याने लिहून आणायचा निबंध. 'असिंक्रोनस' हा शब्द तर दिवसातून वीसदा कानावर पडेल: सगळ्यांनी एका वेळी हजर न राहता, आठवड्याच्या मुदतीत आपापल्या वेळी करायचा वर्ग.

या शेवटच्या शब्दापाशी जरा थांबा. टाळेबंदीत आपण जे केलं ते म्हणजे वर्गातलं व्याख्यान झूमवर नेलं. 'आवाज येतोय का?' 'म्यूट करा' 'सर, नेट गेलं होतं.' आपल्या मनात ऑनलाइन म्हणजे अजून तेच आहे. तिथला ऑनलाइन कोर्स बहुतांशी असिंक्रोनस असतो, त्यात रोजचं थेट व्याख्यान नसतंच. शिक्षकाचं काम आहे मजकूर मांडणं, काम देणं, जमा झालेल्या कामावर लिहून कळवणं आणि गप्प झालेल्यांना शोधणं. हे आधी मनात बसलं नाही तर तुम्ही पाच दिवस 'लेक्चर कधी आहे?' विचारत फिराल. आम्ही फिरलो.

जाण्यापूर्वी यजमानांबरोबर एक-दोन व्हिडिओ भेटी घ्या. त्यांच्या मूडल किंवा कॅनव्हासवर (ऑनलाइन वर्ग चालवायची व्यासपीठं) एखादा नमुना कोर्स पाहुण्यांना उघडून मिळतो का विचारा. मिळाला तर इथूनच विद्यार्थी होऊन एक आठवडा करा, सराव चाचणीसकट. मी केला आणि एक चाचणी मुदतीनंतर टाकली म्हणून दहा टक्के गुण गेले. त्या दिवसापासून सिलॅबस वाचायला लागलो.

तिथले पाच दिवस

पहिला आणि दुसरा दिवस शिक्षकाच्या शेजारी. बघायचं ते हे: कोर्स उघडला की पहिल्या पानावर विद्यार्थ्याला काय दिसतं? 'या आठवड्यात हे तीन करा' एवढं ठळक आहे, की फाइलींचा ढीग? प्रत्येक आठवड्याची मांडणी सारखीच आहे का? असावी, कारण रात्री अकराला थकून बसलेल्या माणसाला दर आठवड्याला नव्याने वाट शोधायला लावणं बरोबर नाही. चर्चेच्या पानावर शिक्षक किती लिहितो? गृहपाठावरचा शेरा 'गुड' एवढाच आहे, की चूक नेमकी कुठे ते सांगतो? गुणांचा तक्ता, म्हणजे रूब्रिक, काम देतानाच दाखवलाय का?

यामागचा कायदाही विचारा. अमेरिकेत केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत मिळायची तर दूरशिक्षणाच्या कोर्समध्ये शिक्षक-विद्यार्थी संवाद 'नियमित आणि भरीव' असावा लागतो, नाहीतर तो पत्रद्वारा अभ्यासक्रम ठरतो आणि मदत धोक्यात येते. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या व्याख्येत भरीव म्हणजे काय तेही सांगितलंय: थेट शिकवणं, कामावर अभिप्राय, विषयाच्या प्रश्नांना उत्तरं, गटचर्चा चालवणं, यांसारख्यातल्या किमान दोन गोष्टी. नियमितपणात विद्यार्थ्याच्या सहभागावर लक्ष ठेवून गरज पडली की स्वतःहून संपर्क साधणंही येतं. नुसतं लॉगिन केलं म्हणजे हजेरी लागली असं तिथे धरत नाहीत. सोमवारचे ते चार फोन बाईंच्या चांगुलपणातून येत होतेच, पण त्यांना व्यवस्थेचा आधारही होता. आपल्याकडे असा आधार नाही, फक्त चांगुलपणा आहे. परतीच्या अहवालात लिहायचा मुद्दा हा.

तिसरा दिवस शिक्षकामागे उभ्या असणाऱ्यांचा. इन्स्ट्रक्शनल डिझायनर नावाचं एक पद असतं: विषय शिक्षकाचा, मांडणी याच्या सल्ल्याने. अनेक कॉलेजांत ऑनलाइन शिकवायची परवानगी मिळण्याआधी शिक्षकाला स्वतः ऑनलाइन विद्यार्थी होऊन एक प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. कोर्स तपासायला 'क्वालिटी मॅटर्स'सारख्या कसोट्या आहेत, तिच्यात आठ मुख्य निकष आहेत. कॅलिफोर्नियाची स्वतःची वेगळी कसोटी आहे आणि तिथे सहकारी शिक्षकच एकमेकांचे कोर्स तपासतात. या कसोट्या घरी आणण्यापेक्षा तपासणी कशी होते ते बघा. एक शिक्षक दुसऱ्याला 'तुझ्या तिसऱ्या आठवड्यात मला वाट सापडली नाही' असं सांगतो आणि समोरचा रागावत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये हे उद्या होईल, असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

याच दिवशी अपंग विद्यार्थी सेवेत तासभर काढा. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीनरीडरने कोर्स कसा 'ऐकतो' ते करून दाखवायची विनंती करा. आम्हाला दाखवलं तेव्हा आधी नीट बनवलेलं पान ऐकवलं, मग स्कॅन केलेली पीडीएफ. तिच्यावर यंत्र मुकं झालं. आमच्या कॉलेजच्या नोट्स म्हणजे तश्शाच, मोबाइलवर तिरके फोटो काढून केलेल्या पीडीएफ. खोलीत कोणी काही बोललं नाही. १९९० च्या अपंग हक्क कायद्यामुळे व्हिडिओखाली बोलण्याचा मजकूर (कॅप्शन), चित्राला वर्णन, मजकुराला खरी शीर्षकं या गोष्टी तिथे ऐच्छिक राहिलेल्या नाहीत. सार्वजनिक संस्थांच्या वेब मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी २.१ या, वेब मजकूर अपंगांनाही वापरता यावा म्हणूनच्या निकषांची एए पातळी २०२४ मध्ये नियमाने ठरवली गेली.

चौथा दिवस लायब्ररी, ऑनलाइन शिकवणी मदत, तांत्रिक मदतकक्ष, परीक्षा. कॅमेऱ्याच्या पहाऱ्यातल्या परीक्षेबद्दल सगळे विचारतात. त्यापेक्षा पुस्तक उघडं ठेवून देता येईल असा प्रश्न कसा तयार करतात ते विचारा. पाचवा दिवस उरलेल्या प्रश्नांचा, आणि हो, स्टुडिओचा.

वागण्याबद्दल थोडं. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणारा फेर्पा हा कायदा तिथे १९७४ पासून आहे, त्यामुळे स्क्रीनचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, कोणाचे गुण विचारायचे नाहीत. डीनबाई 'मला नावाने हाक मारा' म्हणतील. आपल्या जिभेला ते जड जातं, चौथ्या दिवशी जमतं. भेटवस्तू छोटी न्या, सरकारी नोकरांना महाग वस्तू घेता येत नाहीत. येवल्याच्या पैठणीच्या काठाची पुस्तकखूण आमची सगळ्यांत यशस्वी ठरली. शाल-श्रीफळ नको, नारळ विमानतळावरच अडायचा.

रात्री थकवा येतो तरी अर्धा तास एकत्र बसा. वहीच्या उजव्या पानावर काय पाहिलं, डाव्या पानावर आपल्याकडे त्याचं काय होईल. डावं पान रिकामं राहिलं तर ती गोष्ट अहवालात घालायची नाही. अॅरिझोनात असाल तर हिशेब सोपा: नाशिक साडेबारा तास पुढे, आणि तिथे घड्याळ हिवाळ्या-उन्हाळ्याला बदलत नाही. रात्री नऊला फोन लावला की इथे सकाळचे साडेनऊ. मागे राहिलेले सहकारी फराळाची ताटली पुढ्यात घेऊन तुमची उलटतपासणी घेतात. त्यांच्या प्रश्नांनीच आमचा दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम दोनदा बदलला.

पिशवीत काय

प्रवासी विमा घ्या, तिथला दवाखाना परवडत नाही. वीज १२० व्होल्ट आणि सपाट पायांचा प्लग, फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० लिहिलं असेल तर नुसता अडॅप्टर पुरतो. फळं, बिया, मांस नेऊ नका. चिवडा-शंकरपाळे न्या आणि खाद्यपदार्थ आहेत हे तिथल्या कस्टम्सला खरं सांगा. ही कॉलेजं बऱ्याचदा उपनगरात असतात, बस तासाला एक, तेव्हा मुक्काम चालत जाण्याच्या अंतरावर शोधा. मुंबईचं विमान बहुधा मध्यरात्रीनंतरचं असतं, तरी नाशिकहून दुपारीच निघा. कसारा घाटात एक ट्रक आडवा झाला की विमान कोणासाठी थांबत नाही.

परत आल्यावर: एक घटक, सहा आठवडे

सत्कार, पेपरात फोटो, चाळीस पानी अहवाल, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइलीत एक नोंद. दौरे बहुतेक इथे संपतात. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या विषयातला एक घटक घ्यावा आणि सहा आठवड्यांत नव्याने बांधावा. संपूर्ण पेपर नको.

मी एसवायबीकॉमच्या कॉस्टिंगमधला मालसाठा नियंत्रणाचा घटक घेतला. पुस्तकात किफायतशीर मागणी संख्येचं, म्हणजे एका वेळी किती माल मागवला की एकूण खर्च सर्वांत कमी पडतो याचं उदाहरण कुठल्याशा 'एक्सवायझेड लिमिटेड'चं असतं. मी पिंपळगावकडच्या द्राक्ष पॅकहाउसची खोकी घेतली: वर्षाला १८,००० खोकी, एका ऑर्डरचा खर्च ४०० रुपये, एक खोकं वर्षभर सांभाळायचा खर्च ४ रुपये. दोन गुणिले १८,००० गुणिले ४००, भागिले ४, वर्गमूळ: जवळजवळ १,८९७. आकडे माझेच, सोयीसाठी घेतलेले. पण वर्गातल्या दोघांचे वडील पॅकहाउसला जातात. त्यातला एक लगेच म्हणाला, "सर, खोकी वर्षभर थोडीच लागतात, सीझन तीन महिन्यांचा." सूत्राची मर्यादा त्यानेच काढली. तोच मग चर्चेचा प्रश्न झाला.

मांडणी अशी ठेवली. पहिलं पान: या आठवड्यात तीन कामं, शेवटची तारीख. आठ मिनिटांचे दोन व्हिडिओ, कमी रिझोल्यूशनमध्ये, आणि त्यांचाच वेगळा आवाज, कारण ध्वनिफीत कमी डेटात उतरते. बोलायचं ते आधी लिहून काढलं, म्हणजे तेच मजकूर म्हणून देता आलं. नोट्स टाइप केलेल्या, फोटो काढलेल्या नाहीत. मुदत रविवार रात्र, अधिक दोन दिवस बिनदंड, कारण वीज आणि रेंज आपल्या हातात नाही. व्यासपीठ कॉलेजात आहे तेच. मूडल फुकट आहे, पण सांभाळणारा माणूस नसेल तर गूगल क्लासरूम बरं. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त सूचनांसाठी. गुण आणि फोन नंबर तिथे टाकायचे नाहीत, २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्याकडेही झाला आहे.

परवानगीचा प्रश्न येतोच. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा तुमच्या हातात नाहीत, पण अंतर्गत मूल्यमापनाचं काम कोणत्या रूपात घ्यायचं यात बराच वाव असतो. तिथून सुरुवात करा. पूर्ण कोर्स ऑनलाइन द्यायचा असेल तर 'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठाचा रस्ता आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या कार्यक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स त्यावरून घेता येतात, त्यासाठी विद्यापीठ आणि महाविद्यालयाची संमती लागते. आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. पर्वणीच्या दिवसांत त्र्यंबककडची मुलं गर्दीतून कॉलेजला पोहोचणार कशी, हा मुद्दा प्राचार्यांसमोर मांडा. ऑनलाइन घटकांना एरवी 'बघू' म्हणणारे प्राचार्यही त्यावर कान टवकारतात.

सोमवारचा अर्धा तास वेळापत्रकात लावून घ्या. माझी यादी बाईंसारखी आपोआप लागत नाही, मी वहीत रेघा मारतो. आठ दिवस गप्प असलेल्यांना फोन. पहिल्या सोमवारी सात जण निघाले. एकीच्या आईने उचलला आणि घाबरून विचारलं, "काय केलं हो तिने?" कॉलेजचा फोन म्हणजे तक्रारच, हा समज निघायला तीन सोमवार लागले.

घटक तयार झाला की त्याचा दुवा यजमान शिक्षकांना पाठवा आणि ताशेरे मागा. मी पाठवला. व्हिडिओंबद्दल, खोक्यांच्या उदाहरणाबद्दल बाईंनी काहीच लिहिलं नाही. एकच ओळ आली: यात विद्यार्थ्याने प्रश्न कुठे विचारायचा? मी पहिलं पान पुन्हा उघडलं. तीन कामं होती, तारीख होती, माझं नाव होतं, पदव्या होत्या. पदव्या काढल्या आणि तिथे लिहिलं: अडलं तर इथे विचारा, मराठीत चालेल, उत्तर चोवीस तासांत.